त्या सकाळी संगणक का सुरू झाला नाही?



'आपल्या भागातला संगणकाचा इतिहास' असा लेख स्मरणिकेसाठी लिहून दे, असं समितीने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गेली वीस-बावीस वर्षं संगणक दुरुस्तीवरच माझं पोट आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की ऑक्टोबर २००० मधली एक शनिवारची सकाळ ओलांडून मला पुढे जाताच येत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपण दहावीत होतो. शाळेत तेव्हा दोन संगणक होते. प्रयोगशाळेशेजारची छोटी खोली, चपला दाराबाहेर काढायच्या, आणि दोन्ही संगणकांवर शिवणाच्या बाईंनी शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. आपण त्यांना 'जुना' आणि 'नवा' म्हणायचो. जुना एका देणगीदाराने वापरून झाल्यावर दिलेला, नवा आदल्या वर्षी पालकांच्या वर्गणीतून घेतलेला. त्या शनिवारी सकाळच्या शाळेत नव्याचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरला नाही, हिरवा दिवा लागला नाही. खोलीत थोडा जळका वास होता. जुना मात्र नेहमीसारखा कुरकुरत सुरू झाला.

चार दिवसांनी शहरातून दुरुस्तीवाला आला. त्याने संगणक फिरवला, पाठीमागचा लाल खटका पाहिला आणि म्हणाला, "हा पोरांनी खालीवर केलाय. आतलं सगळं जळलं असणार. हे गॅरंटीत बसत नाही." खोकं न उघडताच तो गेला. मग सरांनी वर्गात विचारलं, "त्या लाल खटक्याला कुणी हात लावला होता?" एक हात वर गेला.

नाव लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. तो वसतिगृहात राहायचा, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डिंभे धरणाच्या पाणलोटातला. वर्गात पेन उघडून त्याची स्प्रिंग पाहणारा, प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूला आधी जाणारा. त्याला कुणी मारलं नाही, हे खरं. पण त्याच्या वडिलांना बोलावलं गेलं. एसटीने आलेला तो माणूस टोपी हातात घेऊन ऑफिसबाहेर तासभर उभा होता. मुलाला संगणकाच्या खोलीत येणं बंद झालं. नव्या संगणकाचं कव्हर वर्षभर कुणी काढलं नाही आणि पुढे तो अडगळीच्या खोलीत गेला. "त्याने संगणक जाळला" हे आपण सगळ्यांनी मानलं. मीही मानलं. त्या निकालाची फेरतपासणी इतक्या वर्षांत कुणी केली नाही. ती या लेखात करतो.

आधी लाईट, मग संगणक

संगणक अचानक चालू होईनासा झाला, की लोक पडद्याकडे बघतात. दुरुस्ती करणारा भिंतीपासून सुरुवात करतो. इतिहासही तसाच भिंतीपासून सांगावा लागेल, कारण आपल्याकडे संगणक येण्याआधी लाईट आली आणि ती कशी आली यावर पुढचं सगळं ठरलं.

राज्याचं वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत वीज पसरली ती घरातल्या दिव्यांइतकीच विहिरीवरच्या मोटारींसाठी. पुढे कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली. कालव्याचं पाणी आलं, द्राक्षं, ऊस आणि टोमॅटो वाढले, नारायणगावचा टोमॅटो बाजार नावारूपाला आला. प्रत्येक नव्या बागेबरोबर एक नवी मोटार आली. डीपी मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली.

त्याचा परिणाम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या, की घरातला बल्ब लिंबासारखा पिवळा व्हायचा. ट्यूब पेटायची नाही, आपण स्टुलावर चढून स्टार्टर फिरवत बसायचो. घरात येणाऱ्या विजेचा दाब ठरलेल्यापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक कमीजास्त होऊ नये, असं १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं. म्हणजे २४० व्होल्ट धरले तर सव्वादोनशेच्या खाली जायला नको. आपल्याकडे दहावीचा अभ्यास त्यापेक्षा कितीतरी कमी दाबावर झाला.

आणि गंमत अशी, की याच मातीत देशातली अव्वल दर्जाची इलेक्ट्रॉनिक्स उभी होती. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशी संपर्क साधणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र सुरू झालं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. नंतर खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात आणि बाकीच्या तीन दिशांना शेताशिवारांत पसरलेल्या. २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. अवकाशातून येणारे इतके क्षीण संकेत ती टिपते, की विजेच्या तारेच्या ढिल्या सांध्यावर उडणारी ठिणगीसुद्धा तिला गोंगाट वाटते. अशा ठिकाणी विजेची काळजी घ्यायला स्वतंत्र अभियंते असतात. आपल्या शाळेत ते काम शिपाईमामांकडे होतं, घंटा आणि पाण्याच्या टाकीसोबत.

शाळांमध्ये संगणक नेण्याचा सरकारी प्रयत्न १९८४ साली 'क्लास' या प्रकल्पाने सुरू झाला. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले. आपल्यापर्यंत ते लोण पोचलं नाही. आपल्याकडे संगणक आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, देणगीतून आणि वर्गणीतून. 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, म्हणजे आपण दहावी होऊन बाहेर पडलो त्याच वर्षी. मग मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, घोडेगाव सगळीकडे त्याच्या पाट्या लागल्या. आपण त्या लाटेच्या जेमतेम वर्षभर आधीचे. आपल्याला संगणक चालू कसा करायचा हे शिकवलं गेलं. तो बंद कसा करायचा, हे शिकवताना एक गोष्ट निसटली.

'बंद' म्हणजे काय?

आपले दोन संगणक एकाच टेबलावर होते, पण दोन वेगळ्या पिढ्यांचे होते. जुना होता 'एटी' पद्धतीचा. ही पद्धत आयबीएमच्या १९८४ सालच्या संगणकावरून आली. त्याचं बटण आठवतं? चांगलं दणकट, दाबलं की 'खट्' आवाज करणारं. ते बटण म्हणजे थेट विजेचा खटका होता. काम संपलं, की पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि मग आपण हाताने वीज तोडायचो.

नवा होता 'एटीएक्स' पद्धतीचा. इंटेलने ही रचना १९९५ साली आणली. हा आपला आपण बंद व्हायचा, ती नारिंगी अक्षरं यायचीच नाहीत. आपल्याला ते भारी वाटायचं. पण त्याचं पुढचं बटण विजेचा खटका नव्हतंच. ते फक्त आतल्या मुख्य पट्टीला, म्हणजे मदरबोर्डला, 'उठ' किंवा 'झोप' असं सांगणारी घंटी होतं. आत जो विजेचा डबा असतो, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, तो भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत जागाच असतो. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट सोडत तो त्या घंटीची वाट बघत राहतो. म्हणजे जुना संगणक बंद केला की वीज दारातच अडायची, आणि नवा बंद केला तरी वीज घरात येऊन बसलेली असायची.

यावर उपाय साधा होता आणि तो भिंतीवरच्या नियमावलीत सातव्या क्रमांकावर लिहिलेलाही होता: 'जाताना बोर्डाचे बटण बंद करावे.' यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती आणि दोन्ही संगणक सरळ बोर्डावर होते, म्हणून तो नियम जास्तच महत्त्वाचा. हे काम वर्गाच्या संगणक प्रमुखाचं होतं. संगणक प्रमुख मी होतो.

ती शुक्रवारची रात्र

परतीचा पाऊस होता. संध्याकाळी वारं सुटलं, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. आठच्या सुमारास आली ती अशी, की आमच्या घरात बल्ब पांढराशुभ्र पेटला. आजी म्हणाली, "आज लाईट किती लख्ख आलीय बघ!" आयुष्यभर पिवळ्या उजेडात बसलेल्या माणसांना तो सण वाटला. मिनिटभराने बल्ब फुटला. शेजारी टीव्हीतून धूर आला. शाळेच्या मागच्या आळीतही असंच झालं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होतं. सकाळी वायरमन खांबावर चढला. वाऱ्याने फांदी घासून न्यूट्रलची तार तुटली होती, ती त्याने भर पावसात जोडली.

न्यूट्रल तुटल्यावर काय होतं, ते थोडक्यात सांगतो. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. प्रत्येक घर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेलं असतं, म्हणून त्याला २३०-२४० व्होल्ट मिळतात. दोन फेजमधला दाब मात्र ४०० च्या आसपास असतो. न्यूट्रल तुटला, की दोन फेजवरची घरं एकमेकांच्या मागे साखळीत जोडल्यासारखी होतात आणि तो ४०० चा दाब त्यांच्यात वाटला जातो. तोही समान नाही. ज्या फेजवर भार जास्त, तिथले दिवे मंद होतात. ज्या फेजवर भार कमी, तिथे दाब तीनशे, साडेतीनशेपर्यंतही चढतो. आमची आळी आणि शाळा त्या रात्री हलक्या बाजूला होती.

हे सगळं गावाला माहीत होतं. शनिवारी सकाळी संगणक सुरू झाला नाही, हेही शाळेला माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कुणी ठेवल्या नाहीत.

फेरतपासणी

दोन वर्षांपूर्वी शाळेने अडगळीची खोली रिकामी करायला काढली आणि सरांनी मला बोलावलं. कोपऱ्यात फुलाफुलांचं कव्हर दिसलं. खाली आपला नवा संगणक, आणि त्याच्यावरच संगणक वापराची नोंदवही.

घरचा संगणक अचानक बंद पडला तर ज्या क्रमाने तपासावं, त्याच क्रमाने मी गेलो. पहिल्यांदा बोर्ड: त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावला, लागला. मग वायर: तीच केबल दुसऱ्या संगणकाला लावली, तो चालला. मग पाठीमागचा लाल खटका: तो २३० वरच होता, जिथे असायला हवा तिथेच. मग समोरचं बटण खराब आहे का, हे पाहायला एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवला आणि हिरवी तार काळ्या तारेला टेकवली. एसएमपीएस चांगला असेल तर असं केल्यावर त्याचा पंखा फिरतो. फिरला नाही. जांभळ्या तारेवर मीटर लावला: शून्य. म्हणजे दोष त्या डब्यातच.

डबा उघडला. (हे घरी कुणी करू नका. चालू संगणकाच्या एसएमपीएसमध्ये वायर काढल्यावरही काही काळ तीनशेच्यावर व्होल्ट साठून राहू शकतात.) फ्यूज आतून काळा झालेला, दोन मोठे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले. त्यांच्यावर छापलं होतं प्रत्येकी २०० व्होल्ट. २३० वर असताना दोघांत मिळून सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, म्हणजे प्रत्येकावर १६० च्या आसपास. ते त्यांना झेपतं. भिंतीतून साडेतीनशे आले, तर प्रत्येकावर अडीचशेच्या जवळ. ते झेपत नाही.

माझ्याकडचा एक एसएमपीएस लावून पाहिला. पंखा फिरला आणि बारीकशी एक बीप आली. डिस्क उठली नाही, पण मदरबोर्ड जिवंत होता. 'आतलं सगळं जळलं' हे खरं नव्हतं. एक डबा जळला होता, आणि तेवढाच बदलला असता तर संगणक त्याच आठवड्यात चालू झाला असता.

आता लाल खटक्याचा मुद्दा. तो खटका ११५ वर नेऊन आपल्या विजेवर संगणक लावला, तर प्रत्येक कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट येतात आणि डबा तसाच फुटतो. म्हणजे नुसतं फुगलेल्या कॅपॅसिटरवरून दोष हवेचा की हाताचा, हे सांगता येत नाही. ते सांगते नोंदवही.

खटका चुकीचा असेल तर डबा वीज मिळाल्या क्षणी फुटतो, मोठा आवाज करून. तो आठवडाभर थांबत नाही. नोंदवहीत त्याची पाळी सोमवारी आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार रोज नवा संगणक चालल्याच्या सह्या आहेत. शुक्रवारी दुपारी शेवटचा गट बसला तेव्हाही तो चालत होता. शनिवारी सकाळी बटण दाबलं तेव्हा आवाज झाला नाही, म्हणजे तो आधीच गेलेला होता. शुक्रवारच्या दुपारनंतर आणि शनिवारच्या सकाळआधी त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसात होती.

आणि जुना का वाचला? एकच खोली, एकच बोर्ड, एकच रात्र. जुन्याचं दणकट बटण हाताने बंद केलेलं होतं, म्हणून वीज त्याच्या दारातच थांबली. नवा आत जागा होता. बोर्डाचं बटण बंद असतं, तर दोघेही वाचले असते.

नोंदवहीत शेवटचा रकाना आहे: 'बोर्ड बंद केला.' शुक्रवारच्या ओळीत तिथे माझी सही आहे. खरं सांगायचं तर त्या रकान्यात महिनाभर माझीच सही आहे, आणि बहुतेक सगळ्या सह्या मी एकाच बैठकीत केलेल्या दिसतात. शाई सारखीच, तिरकेपणाही सारखाच. बोर्ड टेबलाच्या पाठीमागे खाली होता, वाकावं लागायचं. संगणक स्वतःच बंद होतो, मग वाकायचं कशाला, असं मला वाटायचं. सरांनी खटक्याबद्दल विचारलं तेव्हा मी खरंच निर्धास्त होतो. बोर्डाबद्दल कुणी विचारलंच नाही.

तार तुटली ती वाऱ्याने. पण संगणक गेला तो सातव्या नियमामुळे, आणि तो नियम पाळणं माझ्याकडे होतं.

एक फोन

हा लेख छापायला देण्याआधी त्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, मी खरंच हलवला होता तो खटका. सोमवारी पुसताना. वायर काढलेली होती. ११५ म्हणजे काय म्हणून पाहिलं आणि परत जागेवर ठेवला. मला वाटायचं, परत ठेवताना नीट बसला नसेल. इतकी वर्षं मला वाटतंय, माझ्यामुळेच गेला." नीट बसला नसता तर मंगळवारी कळलं असतं, हे मी त्याला नोंदवहीच्या तारखांसकट समजावलं. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" दोन्ही वेळा मी नक्की म्हणालो.

मग तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी हात वर केला नसता तरी चाललं असतं." मी म्हणालो, "नाही रे. तू हात वर केलास तेच बरोबर होतं. आमचं चुकलं ते असं, की एक हात वर आला आणि आम्ही तपासायचं थांबलो."

त्याच्या वडिलांना हे सांगायचं राहून गेलं. ते आता नाहीत.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. भारनियमनाची वर्षं आली, घराघरांत इन्व्हर्टर आले, २००५ साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, मग बॅटरीवर चालणारे लॅपटॉप आणि हातातले मोबाईल आले. खोडदला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आपल्या मुलांनी बनवलेले प्रकल्प मांडले जातात. शाळेत आता संगणकाची मोठी खोली आहे आणि तिथे सगळ्या संगणकांची वीज तोडणारं एकच मोठं बटण दाराजवळ, उंचीवर आहे. वाकावं लागत नाही. ते तिथे बसवायचा आग्रह माझा होता. त्याचं कारण तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी तो जुना 'नवा' संगणक, त्याचं कव्हर आणि ती नोंदवही प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवणार आहोत. मुख्याध्यापकांच्या परवानगीने नोंदवहीत त्या शुक्रवारच्या ओळीसमोर मी एक शेरा लिहिला आहे आणि खाली आजची तारीख टाकून सही केली आहे. तो येणार आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या वर्षी त्याला काही ना काही म्हटलं होतं, त्यांनी येऊन तो शेरा वाचावा आणि मग त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती.